तेनेरिफेच्या दक्षिण उतारावर: कातळकोरीव तपासणीच्या नोंदी

४ नोव्हेंबर

पोचलो तेनेरिफेला, स्पेनच्या कॅनरी बेटांतल्या एका बेटावर. गाडी वरच्या गच्चीशेतांपाशी ठेवायची आणि तिथून पाऊण तास उतरायचं. घळ कोरडी ठणठणीत आहे. इथे अशा घळीला ‘बरांको’ म्हणतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या ओढ्यासारखीच, फक्त ही बाराही महिने उन्हाळ्यातली. नेमकी जागा वहीत लिहायची नाही, हा प्रमुख बाईंचा पहिला नियम. आबोना भागातला दक्षिण उतार, एवढंच. नकाशावरचे आकडे बेट शासनाच्या परवान्याच्या फाइलीत आहेत, ते तिथेच राहू देत. स्पेनमध्ये १९८५ च्या कायद्याने कातळचित्रं असलेल्या गुहा आणि निवारे आपोआप संरक्षित ठरतात. कॅनरी बेटांचा स्वतःचा वारसा कायदा २०१९ चा आहे. म्हणजे हात लावायच्या आधी कागद हवा. कागद आहे.

एवढ्या धावपळीचं कारण एक फोटो. कुणा पायवाटकऱ्याने काढला, हातोहात फिरला. काळ्या कातळावर उभ्या ओळीत पाच खुणा: वर्तुळात टिंब, शेजारीशेजारी दोन रेघा, फुली, नागमोडी रेघ आणि खाली एक ठिपका. या बेटांवर उत्तर आफ्रिकेतल्या जुन्या लिबिको-बर्बर लिपीतले लेख सापडतात ते बहुतेक असे उभेच, आणि सहसा खालून वर वाचायचे. त्यामुळे ‘ग्वांचेंचा शिलालेख’ अशी हाकाटी लगेच झाली. कुणीतरी तो वाचूनही टाकला होता.

नावाचा घोळ इथेच मिटवतो. ग्वांचे म्हणजे खरं तर फक्त तेनेरिफेचे मूळ रहिवासी. बाकीच्या बेटांवर नावं वेगळी: ला पाल्माचे बेनाओआरिता, एल इएरोचे बिंबाचे, लांसारोते-फुएर्तेव्हेंतुराचे माहो. सरसकट सगळ्यांना ग्वांचे म्हणणं हे ‘मद्रासी’ म्हणण्यासारखं. सगळ्यांचं मूळ उत्तर आफ्रिकेतल्या अमाझिग, म्हणजे बर्बर लोकांत; भाषेनेही तेच दाखवलं आणि डीएनएनेही. तागानाना, ताकोरोन्ते, तेगेस्ते, तेहिना ही गावांची नावं ऐकली की सुरुवातीचा ‘त’ कानात बसतो. अमाझिग भाषांत तो स्त्रीलिंगी नामांना लागतो. माणसं बोलायची थांबली, गावं अजून बोलतायत.

५ नोव्हेंबर

जागा अशी: घळीच्या काठावर बसाल्टचा एक लांबट बाक, साधारण सहा मीटर. तीन भाग पाडले. ‘क’ वरची सपाटी, तिथे वाटीसारखे खळगे आणि त्यांना जोडणारे उथळ चर. ‘ख’ म्हणजे फोटोतली उभी बाजू. ‘ग’ खाली घरंगळलेला मोठा धोंडा.

दिवसभर नुसतं बघितलं. बाईंची पद्धत आहे ही. पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच. मी राजापूरकडचा. सड्यावरच्या कातळशिल्पांच्या नोंदी करताना मला सवय लागली ती पायाखाली बघायची, मान खाली. कोकणात कातळ जांभा आणि आडवा, आकृत्या मोठमोठ्या. काही तर उभं राहून एका नजरेत मावत नाहीत. इथे उलट. तळहाताएवढ्या खुणा, उभ्या दगडावर, आणि दगड सह्याद्रीतला वाटावा असा काळा. सकाळी दहाला ‘ख’ वर पाच खुणा स्पष्ट. दुपारी बाराला तीन. दोनला ऊन समोरून आलं आणि काहीच नाही, कोरा कातळ. साडेपाचला तिरपं ऊन आलं तेव्हा पाच नाही, अकरा रेघा दिसल्या. फोटो काढणारा नेमका सकाळी दहाला आला होता एवढंच.

६ नोव्हेंबर

आज भूवैज्ञानिक आला. याचं काम वजाबाकीचं. हातात भिंग, खिशात पाण्याची फवारणी, तोंडात सतत ‘हे नाही’.

लाव्हा थिजताना आत अडकलेली वायूची बुडबुडी पोकळ्या ठेवून जातात. सह्याद्रीत हिंडलेल्याला हे सांगायला नको. आपल्याकडे त्याच पोकळ्यांत पुढे गारगोट्या आणि झिओलाइट भरतात. इथे त्या रिकाम्या आहेत. वारा, खारी हवा आणि दिवसरात्रीची तापनिवी त्यांना रुंदावते. ‘क’ वर आम्ही काल २३ खळगे मोजले होते. त्याने १४ बाद केले: कडा धारदार, आतून खडबडीत, आकार लांबुडका आणि सगळ्यांचा कल लाव्हा वाहिला त्या दिशेला. नऊ राहिले. ते गोल, आतून बोट फिरवलं तर वाटीच्या तळासारखे गुळगुळीत, आणि त्यांतले चार चराने जोडलेले. चर मात्र कापताना पोकळ्या आरपार छेदून गेलेत. पाणी असं करत नाही, माणूस करतो.

मग तो ‘ख’ कडे वळला. नागमोडी रेघेवर पाणी फवारलं आणि थांबला. पाणी रेघेत मुरलं. फवारणी संपल्यावरही वरच्या टोकाला ती रेघ खुणेपलीकडे ओली होत गेली, डोळ्याला न दिसणारी, केसाएवढी. तडा आहे. दगड फुटत चाललाय तिथे.

पाचातली एक गेली. पोरगी (आमच्या गटातली विद्यार्थिनी, ग्रान कॅनारियाची) म्हणाली, ‘चार अक्षरांचा शब्दही चालेल की.’

८ नोव्हेंबर

कालिमा. सहाराची धूळ घेऊन पूर्वेचा वारा येतो त्याला हे नाव. आभाळ हळदीच्या पाण्यासारखं, समुद्र गायब, दातांत कचकच. लेन्स उघडायची सोय नाही. खोलीवर बसून मागचं वाचलं. आफ्रिकेचा किनारा फुएर्तेव्हेंतुरापासून शंभर किलोमीटरभर, हे नकाशावर कळतं. आज ते नाकात कळलं.

या बेटांवरच्या कोरीव खुणांची गोष्ट सुरू होते ला पाल्मावर, १७५२ साली, बेल्माको गुहेतल्या नक्षीपासून. तिथे एकात एक वर्तुळं, सर्पिलं, वळसे. पुढे इतिहासकार व्हिएरा इ क्लाविहो यांनी त्या खुणांना काही अर्थ असेल हेच मानलं नाही, मनाचे किंवा योगायोगाचे खेळ म्हणून सोडून दिलं. मग १८७३ मध्ये पाद्री आक्विलिनो पाद्रोन यांना एल इएरोच्या एल हुलान उतारावर अक्षरं सापडली आणि वारं फिरलं. एकदा का अक्षरं सापडली की माणसाला सगळीकडे अक्षरंच दिसतात. पी हळद अन् हो गोरी.

तेनेरिफेवर अशा लेखांचा दुष्काळच. म्हणूनच १९९२ मध्ये ‘सनाता शिळा’ नावाचा माशाच्या आकाराचा दगड पुढे आला तेव्हा केवढा गाजावाजा झाला, आणि तो खरा की बनाव यावरचा वादही तेवढाच गाजला. बाई तो विषय निघाला की कॉफी ढवळत बसतात. त्यांचं म्हणणं एकच: ‘दगड खोटा निघाला तर एक दगड जातो. आपली सही खोटी निघाली तर पुढचे सगळे दगड जातात.’

पोरगीने तिच्या बेटावरच्या बालोसच्या घळीचे फोटो दाखवले. माणसांच्या आकृत्या, लिबिको-बर्बर अक्षरं, आणि त्यांच्या उरावर आजकालच्या लोकांची नावं खरवडलेली. खडू भरून फोटो काढायची जुनी खोडही तिने सांगितली. आमच्याकडेही असे भेटतात, रेघ उठून दिसावी म्हणून खडू मारणारे. खडूवाल्याने रेघ जिथे ‘बघितली’ तिथे ती पुढच्या प्रत्येकाला दिसत राहते, असो वा नसो.

९ नोव्हेंबर

हवा निवळली. रात्रीचं काम: फिरत्या प्रकाशाचे फोटो, आरटीआय. कॅमेरा तिपाईवर जखडायचा, हलवायचाच नाही. चौकटीच्या कडेला एक चकचकीत काळा गोळा. मग अंधारात फ्लॅश अर्धगोलातल्या पन्नास-साठ जागांवरून मारायचा, अंतर कायम राहावं म्हणून फ्लॅशला दोरी बांधलेली. गोळ्यावर प्रत्येक वेळी एक पांढरा ठिपका चमकतो. त्यावरून संगणकाला कळतं की उजेड कुठून आला. शेवटी पडद्यावर माउसने सूर्य फिरवता येतो.

‘ख’ चे ३१ फोटो झाले आणि माझ्या कोपराने गोळा गेला. टक्, टक्, टक्, मग बराच वेळ काहीच नाही, मग तळातून एक बारीक टक्. सगळे माझ्याकडे बघतायत. दुसरा गोळा आणायला हवा होता. यादीत मीच ‘१’ लिहिलं होतं.

१० नोव्हेंबर

गोळ्यासाठी किनाऱ्यावरच्या पर्यटक गावात. इथल्या बाजारपेठांत सिंधी दुकानदार कित्येक पिढ्यांचे. कॅमेरे, घड्याळं, अत्तरं. एका दुकानात हिंदीत विचारलं, ‘काली गोटी मिलेगी? बडी, चमकीली?’ काकांनी आधी मला आपादमस्तक बघितलं, मग मागून काळ्या काचेचे दोन पेपरवेट आणले. पूर्ण गोल नाहीत. शेवटी सायकलच्या दुकानात बेअरिंगमधले मोठे गोळे मिळाले. ते स्टीलचे, पण चमक पुरेशी. चार घेतले.

११ नोव्हेंबर

झालं. ‘ख’ चे ५८, ‘क’ चे ६४. पहाटे दोनपर्यंत गणित चालू होतं, बसूनच राहिलो.

पडद्यावर रंग काढून टाकला की फक्त उंचसखलपणा उरतो. वर्तुळ आधी. त्याची रेघ ही रेघ नव्हेच. शेजारी शेजारी मारलेल्या ठोक्यांची माळ आहे. प्रत्येक ठोका वाटाण्याएवढा, उथळ, तळ गोलसर. दगडाने दगडावर ठोकलं की असं होतं. ठोक्यांच्या आतही दगडावर बाहेरच्यासारखंच गडद पुट चढलंय. आणि मधलं टिंब? बुडबुडा. वर्तुळ बुडबुड्याभोवती मुद्दाम काढलं की सहज तसं आलं, ते दगड सांगत नाही.

दोन रेघा आणि फुली वेगळ्याच. अरुंद, खोल, छेद ‘व्ही’ सारखा, कडा सुरीने लोणी कापल्यासारख्या. ज्वालामुखीच्या या बेटांवर धातूचं खनिज नाही. ग्वांचेंकडे धातू नव्हता. दगड, हाड, लाकूड आणि धार हवी तिथे ऑब्सिडियन, ज्वालामुखीची काच. तिच्या पात्याला ते ‘ताबोना’ म्हणत. तेनेरिफे स्पेनमधल्या कॅस्टिल राज्याच्या हाती पडलं १४९६ मध्ये. त्याच्या मागेपुढे लोखंड आलं.

पण ऑब्सिडियननेही बारीक ‘व्ही’ पडू शकतो, हे पोरगीने बोलून दाखवलं आणि बाईंनी मान डोलावली.

१२ नोव्हेंबर

म्हणून प्रयोग. जागेपासून लांब, रस्त्याच्या कडेचा त्याच जातीचा एक सुटा दगड. ऑब्सिडियनची ताजी छिलका आणि साधा चाकू.

ऑब्सिडियन: पहिल्या दोन ओढींत देखणी बारीक रेघ. पाचव्या ओढीला धार उडाली, आठव्याला रेघ फाटली, एकीच्या तीन झाल्या, कडेने कपच्या. बाराव्याला माझ्या बोटातून रक्त. रेघ अर्धा मिलिमीटरही खोल नाही. चाकू: वीस ओढी, रेघ एकच, सरळ, तळाशी राखाडी चमक. भिंगाखाली ‘ख’ वरच्या दोन रेघा चाकूच्या बहिणी. चमक अर्थातच गेलेली, त्यांच्यातही पुट आहे, पण वर्तुळातल्या पुटापेक्षा फिकं. पुटाच्या रंगावरून वर्षं मोजायची नाहीत, हे बाईंनी दोनदा बजावलं. ऊन, ओल, दगडफूल, जागोजागी वेग वेगळा. एकाच कातळावर, एकाच बाजूला, वीतभर अंतरात आधी कोण आणि मग कोण एवढंच म्हणायचं.

आणि तेवढ्यासाठी पुरावा निघाला. वर्तुळाच्या खालून ठोक्यांची एक पुसट ओळ तिरकी जाते. ती फोटोत कुणाला दिसली नव्हती, मलाही नाही. चाकूची डावी रेघ तिला कापून जाते. दोन ठोक्यांची कड त्या रेघेने सरळ छाटली आहे. म्हणजे ठोके आधी, चाकू नंतर. सगळ्या आठवड्यात ठामपणे लिहिता आलेलं हे पहिलं वाक्य.

१३ नोव्हेंबर

आज शेळ्या आल्या, आणि त्यांच्यामागे म्हातारबा. हातात लांब काठी, खाली लोखंडी टोक. तिच्यावर झेप घेत इथले गुराखी कडे उतरतात. आम्हाला बघून त्याने आधी विचारलं, रस्ता करताय का. नाही म्हटल्यावर बसला. बाईंनी गोफिओ मळला: भाजून दळलेलं धान्याचं पीठ, पाणी, थोडं मध, पिशवीत घालून तिंबायचं. चव थेट सातूच्या पिठाची. मी दुसऱ्यांदा मागितलं तेव्हा म्हातारबाचा माझ्याबद्दलचा संशय गेला.

‘ख’ कडे नेलं. काही सांगितलं नाही, फक्त विचारलं, हे काय असेल. तो हसला. ‘आजोबा इथे सुरी लावायचे.’ आणि लावूनच दाखवली: समोरच्या धोंड्यावर, म्हणजे आमच्या ‘ग’ वर बसला, डावा गुडघा कातळाला टेकवला, खिशातली सुरी काढली. मुठीवर पितळ आणि शिंगाच्या चकत्या बसवलेली, इकडची खास. कातळाला न टेकवता हवेतच हात खाली ओढला. हात बरोबर त्या दोन रेघांवर पडला. त्याच तिरकसपणाने. पुन्हा, थोडा डावीकडे: संध्याकाळच्या उन्हात दिसलेल्या उरलेल्या रेघा.

‘आणि फुली?’

‘फुली तर सगळेच काढतात.’

‘आणि हे गोल?’

त्याने वाकून बघितलं. बोट लावलं नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. बाकी सगळीकडे त्याने खुशाल हात फिरवला होता. ‘ते होतंच. ग्वांचेंचं काहीतरी.’ इथे हा वाक्प्रचारच आहे. जे आजोबांच्याही आधीचं ते ग्वांचेंचं. आपल्याकडे जे कुणी बांधलं ते आठवत नाही ते पांडवांचं, तसं.

खळग्यांबद्दल विचारलं तर म्हणाला, पाऊस पडला की पाणी साठतं, कुत्रा पितो. आणखी काय हवंय?

‘ग’ वर, तो उठल्यावर, आणखी एक गंमत सापडली: आडव्या-उभ्या-तिरक्या रेघांचा चौकोन, बोटाएवढ्या खाचांसह. खेळाचा पट. किल्ल्यांच्या पायऱ्यांवर आणि लेण्यांच्या ओट्यांवर नवकांकरीचे पट कितीदा मोजलेत, बघताक्षणी ओळखलं. शेळ्या चरतायत, माणसाला दिवस काढायचाय.

१५ नोव्हेंबर

काल रात्री पाऊस. अर्धा तास, पण जोरदार. सकाळी धावत गेलो, ‘क’ वर पाणी होतं.

आमच्या आराखड्यात बाण होते: वरच्या वाटीतून चराने खाली, असं पाणी जातं. लिबेशनची कल्पना, म्हणजे दूध किंवा पाणी ओतून अर्पण करण्याची, डोक्यात होतीच; ग्रान कॅनारियाच्या पूजास्थानांबद्दल जुन्या लेखकांनी दुधाचे उल्लेख केलेत. प्रत्यक्षात पाणी उलटं भरलेलं. चार जोडलेल्या वाट्यांपैकी जी आम्ही ‘शेवटची’ म्हणत होतो ती सगळ्यात वर आहे, बोटभराने. उघड्या डोळ्यांना उतार तिकडचा वाटतो कारण सगळा बाकच तिरका. त्रिमितीय नकाशात हे होतं, आम्ही बघितलं नव्हतं. बाण पुसले. नवे काढले.

बाई ओलेत्या कातळापाशी उकिडव्या बसून एस्पिनोसा या जुन्या लेखकाने लिहिलेली गोष्ट सांगत होत्या. १५९४ मध्ये छापलेल्या त्याच्या ग्रंथात आहे: पाऊस लांबला की ग्वांचे कळप एका जागी गोळा करत, पिल्लं आयांपासून वेगळी करत, म्हणजे सगळी मिळून बें-बें करतील आणि आकाशाला दया येईल. मी त्यांना धोंडी सांगितली. डोक्यावर लिंबाचा पाला घेतलेलं पोर, घरोघरचं पाणी, ‘धोंडी धोंडी पाणी दे’. त्यांनी ‘धोंडी’ वहीत लिहून घेतलं, स्पॅनिशमध्ये, चुकीचं.

१६ नोव्हेंबर

नोंदपत्र भरायचं होतं, दुपार गेली. एका रकान्यावर अडलं: ‘कालखंड’.

पोरगीचं म्हणणं, वर्तुळ आणि नऊ वाट्या ‘मूळ रहिवाशांच्या’ लिहा. दगडाने ठोकलेलं आहे, चाकूच्या आधीचं आहे, अशा वाट्या-चर बेटावर कितीतरी ठिकाणी आहेत. भूवैज्ञानिकाचं म्हणणं, चाकू १६ व्या शतकातला की म्हातारबाच्या आजोबांचा? आजोबांचा असेल तर त्याआधी चारशे वर्षं गुराखी इथे बसलेत, आणि दगड ठोकायला ग्वांचे असावं लागत नाही. त्याला खोडता येईना. बेटावरचे बरेच गुराखी ग्वांचेंचेच नातू-पणतू, हा मुद्दा मी मांडला; लोखंड आलं म्हणून माणसं एका रात्रीत बदलली नाहीत. बाई म्हणाल्या, खरं आहे, पण रकाना माणसांचा नाही, खुणेचा आहे.

शेवटी असं लिहिलं. ‘ख’ वर्तुळ आणि तिरकी ठोक्यांची ओळ: ठोकून, धातूच्या रेघांच्या आधीची, काळ अनिश्चित. ‘ख’ दोन रेघा: सुरी लावल्याच्या. फुली: धातूने, काळ अनिश्चित. नागमोडी: नैसर्गिक तडा. वर्तुळातलं टिंब आणि खालचा ठिपका: वायूच्या पोकळ्या. ‘क’ नऊ वाट्या: मानवनिर्मित, मूळ रहिवाशांच्या असण्याची शक्यता, उतार तपासलेला. ‘ग’ खेळाचा पट: अलीकडचा.

‘शिलालेख’ या चौकटीत ‘नाही’ वर खूण. पोरगीने केली, मीच करते म्हणाली. ज्याने तो वाचला होता त्याला कळवायचं का, यावर कुणी काही बोललं नाही.

१७ नोव्हेंबर

बांधाबांध. फायलींच्या तीन प्रती, तीन ठिकाणी. दोऱ्या, खुणेच्या पट्ट्या मोजून घेतल्या, जागेवर काही राहिलेलं नाही. तड्याबद्दल वेगळा कागद बेट शासनाकडे: वर्तुळापासून चार सेंटिमीटरवर तडा, आत पाणी मुरतं, वर्षातून दोनदा मापावा.

पुढच्या खेपेला: फेब्रुवारी, सकाळचं ऊन. ‘क’ च्या पूर्वेला दगडफुलाखाली आणखी दोन ठोके असावेत असा पडद्यावर संशय येतो. दगडफूल खरवडायचं नाही, नुसतं बघायचं. फ्लॅशच्या बॅटऱ्या आठ. गोळे चार.

उतरताना घळीच्या तळाशी पहिला गोळा सापडला. ओरखडे पडलेत, कामाचा नाही.